माध्यम अभ्यासासाठी विद्यापीठ ग्रंथालयाचा संग्रह शून्यातून उभा करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठात माध्यम अभ्यासाचा नवा विभाग सुरू होतो आहे. पहिल्या वर्षापासून पदव्युत्तर वर्ग आणि तिसऱ्या वर्षापासून पीएच.डी. ग्रंथालयाला तीन वर्षांत खर्चायचे एकरकमी अनुदान मिळाले आहे. त्यानंतर दरवर्षी त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच रक्कम मिळेल. तुमचा आजवरचा हात इतिहास आणि समाजशास्त्राच्या संग्रहावर बसलेला. तुम्हाला पुस्तकांची यादी हवी आहे, चित्रपट डिस्कवर घ्यावेत की स्ट्रीमिंगने हे ठरवायचे आहे, आणि एका निवृत्त पत्रकाराने देऊ केलेल्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांचे काय करावे हेही विचारायचे आहे.

तयार यादी मी देत नाही. दुसऱ्या विद्यापीठाची यादी दुसऱ्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते आणि या विषयात तो फरक फार मोठा पडतो. शिवाय तुमची खरी अडचण पुस्तके निवडण्याच्या आधीच सुरू होते. माध्यमांचा विद्यार्थी माध्यमांविषयी जितके वाचतो तितकेच प्रत्यक्ष माध्यम तपासतो: बातमीचे पान, जाहिरात, चित्रपटातले एखादे दृश्य, रेडिओवरचे बातमीपत्र, संकेतस्थळाचे दहा वर्षांपूर्वीचे रूप. इतिहासाच्या संग्रहात मूळ साधने तुम्ही हाताळलेली असणारच. पण इथली बरीचशी मूळ साधने खासगी मालकीची आहेत, आणि ती ग्रंथालयाला विकली जाण्याऐवजी ठरावीक मुदतीपुरती वापरायला दिली जातात. तीन वर्षांचे अनुदान अशा भाड्यात गेले, तर चौथ्या वर्षी रॅकवर काही नसते आणि पडद्यावरही नसते. म्हणून प्रत्येक खरेदीपूर्वी पहिला प्रश्न हा विचारा: पैसे देणे थांबवल्यावर ही वस्तू आपल्याकडे राहील का? माझ्या मते तुमचे सगळे नियोजन या एका प्रश्नावर उभे राहायला हवे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते पाहू. ‘माध्यम अभ्यास’ या एकाच पाटीखाली किमान चार निरनिराळे विभाग असू शकतात. एक वृत्तपत्रविद्येकडे झुकणारा, जिथे बातमीदारी, संपादन, माध्यम कायदा आणि छायाचित्रण शिकवतात. दुसरा सामाजिक शास्त्रांच्या वळणाचा: प्रेक्षक सर्वेक्षणे, आशय विश्लेषण, राजकीय संज्ञापन (कम्युनिकेशन). तिसरा चित्रपट आणि दूरचित्रवाणीकडे साहित्याच्या नजरेने पाहणारा. चौथा डिजिटल मंच, अल्गोरिदम, विदा (डेटा) आणि व्हिडिओ गेम यांवर काम करणारा. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत या चारही गोष्टी थोड्या थोड्या लिहिलेल्या असतात; प्रत्यक्ष कल कळतो तो नेमणूक झालेल्या माणसांवरून. प्रत्येक प्राध्यापकाचे अलीकडचे पाच लेख मिळवा आणि त्यांच्या संदर्भसूच्यांतून सुमारे दोनशे नोंदी उतरवून काढा. त्यातल्या किती तुमच्या ग्रंथालयात आज आहेत, किती विनामूल्य उपलब्ध आहेत, किती अजिबात मिळत नाहीत, हे तपासा. एका माणसाला चार-पाच दिवस लागतात, पण यातून दोन गोष्टी हाती येतात: उणीव नेमकी कुठे आहे, आणि पुस्तके, लेख व मूळ साधने यांचे या विभागातले प्रमाण काय आहे. हे प्रमाण माहीत नसताना पैशाची वाटणी करणे म्हणजे अंदाजपंचे काम.

ही तपासणी करताना लगेच लक्षात येईल की तुमचा संग्रह तितका शून्य नाही. माध्यमांवरची पुस्तके वर्गीकरणात एका जागी नसतात. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात जनमाध्यमांचा सामाजिक अभ्यास ३०२.२३ ला, पत्रकारिता ०७० ला, दूरसंचार आणि प्रसारण सेवा ३८४ ला, जाहिरात ६५९.१ ला आणि जनसंपर्क ६५९.२ ला. चित्रपट ७९१.४३, रेडिओ ७९१.४४, दूरचित्रवाणी ७९१.४५. चित्रीकरणाचे तंत्र ७७७ ला, छायाचित्रण ७७० च्या पुढे, कॉमिक्स ७४१.५ ला, व्हिडिओ गेम ७९४.८ ला, आणि सेन्सॉरशिप ३६३.३१ ला. लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत वापरत असाल तर पी ८७ ते ९६, पीएन १९९० ते १९९९ आणि पीएन ४६९९ पासून पुढे, अशी तीच विखुरण आहे. या सगळ्या अंकांवर आधी तुमच्या तालिकेचा (कॅटलॉगचा) अहवाल काढा. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा आणि संगणक विभागांसाठी पूर्वी घेतलेल्या पुस्तकांतून बरेच काही निघते. ती पुस्तके उचलून एका खोलीत आणण्याचा आग्रह नवा विभाग हमखास धरतो. तो मानू नका. पुस्तक जिथे आहे तिथेच राहू द्या आणि विषयसूचीचे पान करून सर्व जागा एकत्र दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी समाजशास्त्रवाले तेच पुस्तक पुन्हा मागतात.

यानंतर दोन-तीन पानांचे संग्रह धोरण लिहा. त्यासाठी कॉन्स्पेक्टसची श्रेणी, म्हणजे प्रत्येक विषयातल्या संग्रहाची खोली शून्य ते पाच अंकांत सांगण्याची पद्धत, अजूनही उपयोगी आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००१ साली तिच्यावर आधारलेली मार्गदर्शिका काढली होती. शून्य म्हणजे कक्षेबाहेर, १ किमान, २ प्राथमिक माहिती, ३ अध्यापनाला पुरेल इतका, ४ संशोधनाला पुरेल इतका, ५ सर्वसमावेशक. नव्या विभागाला बहुतेक उपविषयांत ३ पुरते. ४ ची पातळी फक्त दोन, फार तर तीन उपविषयांत ठरवा आणि कोणत्या ते विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. सगळीकडे ४ लिहिले की धोरण असून नसल्यासारखेच. पाच कुठेच लिहू नका. अपवाद एकच, तुमच्या स्वतःच्या प्रदेशातल्या आणि भाषेतल्या माध्यमांचा, कारण ते काम दुसरे कोणते ग्रंथालय करील याची खात्री नसते.

पुस्तकांची संख्या. चार सत्रांत वीस अभ्यासपत्रिका असतील तर प्रत्येकी चाळीस शीर्षके धरा. आठशे होतात, पण सिद्धांत, संशोधन पद्धती आणि माध्यम इतिहास या पत्रिकांत तीच पुस्तके पुन्हा येतात, त्यामुळे प्रत्यक्षात सहाशेच्या आसपास भरतात. त्यावर ४ पातळीच्या उपविषयांसाठी आणखी तीनशे ते चारशे. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत हजारभर शीर्षके आणि तिसऱ्या वर्षी पीएच.डी.च्या मागणीनुसार वाढ. यापेक्षा वेगाने खरेदी करता येते, पण मग निवड विक्रेता करतो. पाठ्यपुस्तकांच्या प्रतींसाठी दर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि एका शीर्षकाच्या जास्तीत जास्त पाच छापील प्रती, हा नियम मला पुरेसा वाटतो. त्याच्या वर मागणी गेली तर ई-प्रत बघा.

निवडताना क्रम ठरवा तो पुस्तक किती लवकर बाजारातून नाहीसे होईल यावर. मोठ्या विद्यापीठ प्रकाशनांची पुस्तके पाच वर्षांनीही मिळतात. छोट्या प्रकाशकांनी काढलेली पत्रकारांची आत्मचरित्रे, संपादकांचे लेखसंग्रह, वृत्तपत्रांच्या वर्धापनदिनाचे विशेषांक, चित्रपट महोत्सवांच्या पुस्तिका, पत्रकार संघटनांची वार्तापत्रे, नियामक संस्थांचे जुने अहवाल दोन-तीन वर्षांत दुर्मीळ होतात. ठोक विक्रेता ठरलेल्या विषयांची नवी पुस्तके आपणहून पाठवतो त्या मंजुरी योजनेत ही पुस्तके येतच नाहीत. त्यासाठी माणूस पाठवावा लागतो. पहिल्या वर्षीच्या पुस्तकनिधीतला पाचवा हिस्सा यासाठी बाजूला काढा.

टाळण्याच्या गोष्टी तीन प्रकारच्या आहेत. पहिली, सॉफ्टवेअर आणि कॅमेऱ्याची मार्गदर्शक पुस्तके. आवृत्ती बदलली की ती निरुपयोगी होतात. एकच प्रत घ्यावी आणि नोंदणी करतानाच तीन वर्षांनी निर्लेखनाला, म्हणजे संग्रहातून बाद करायला, काढायची खूण करावी. दुसरी, विकिपीडियावरचे लेख जसेच्या तसे एकत्र करून मागणीनुसार छापलेली ‘पुस्तके’. शीर्षक अगदी नेमके असते, किंमत भरपूर असते आणि लेखकाच्या जागी संपादकांची नावे असतात. एका प्रकाशकाची त्याच महिन्यातली शेकडो असंबद्ध शीर्षके दिसली की थांबा. तिसरी, परीक्षणाशिवाय छापलेले प्रबंध. प्रबंध विद्यापीठाच्या भांडारात विनामूल्य असतो आणि तोच पुस्तक म्हणून विकला जातो.

छापील की ई-प्रत? संपादित ग्रंथ, जिथे विद्यार्थी एखादेच प्रकरण वाचतात, ते ई-स्वरूपात सोयीचे. मात्र एका वेळी एकाच वाचकाचा परवाना असलेले पाठ्यपुस्तक वर्गासाठी घेतले तर परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नुसती ‘उपलब्ध नाही’ची पाटी दिसते. एक, तीन आणि अमर्याद वाचक यांच्या किमती शेजारी मांडून बघा. काही विद्यापीठ प्रकाशनांची पुस्तके कुलूपबंदीशिवाय (उतरवणे वा छापणे अडवणाऱ्या डीआरएमविना) आणि अमर्याद वाचकांसाठी मिळतात. तिथे प्राधान्य द्या. चित्रपट, छायाचित्रण, जाहिरात आणि कॉमिक्स यांवरची पुस्तके मात्र छापीलच घ्यावीत. चित्रांचे हक्क ई-आवृत्तीसाठी मिळालेले नसले की प्रकाशक चित्राच्या जागी कोरी चौकट ठेवतो, आणि दृश्याचे विश्लेषण करणारा परिच्छेद दृश्याविनाच उरतो.

नियतकालिकांकडे वळू. आवर्ती खर्च इथेच बोकांडी बसतो. आज १०० असलेली वर्गणी दरसाल ५ टक्क्यांनी वाढली तर पाच वर्षांनी सुमारे १२८ होते, आणि तुमची वार्षिक रक्कम तितकी वाढेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून अनुदानातून नवी वर्गणी सुरू करण्याआधी पाचव्या वर्षीचा आकडा लिहून विभागप्रमुखांची सही घ्या. सुरुवातीला संज्ञापन विषयाचा पूर्ण मजकूर देणारा एक डेटाबेस आणि चित्रपट शिकवत असाल तर चित्रपट नियतकालिकांची एक सूची, एवढे पुरे. चित्रपट अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची सूची १९७२ पासूनची आहे आणि तिची खोली सर्वसाधारण डेटाबेसला नाही. डेटाबेस घेताना शीर्षकांची यादी मागवा आणि प्रत्येक नियतकालिकापुढे ‘रोख कालावधी’ (एम्बार्गो, म्हणजे ताजे अंक रोखून धरण्याची मुदत) बघा. नाव यादीत असते, पण शेवटच्या १२ किंवा १८ महिन्यांचे अंक नसतात, असे पुष्कळदा होते. विपणनाच्या यादीतला एकूण आकडाही फसवा असतो. त्यात व्यापारी वार्तापत्रे आणि बंद पडलेली मासिके मोजलेली असतात.

विनामूल्य उपलब्ध असलेले आधी तालिकेत घ्या. ‘फर्स्ट मंडे’ १९९६ पासून आणि ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कम्युनिकेशन’ २००७ पासून खुले आहे. खुल्या नियतकालिकांच्या निर्देशिकेत, म्हणजे डीओएजेमध्ये, माध्यम विषयाची आणखी बरीच सापडतात. खुल्या पुस्तकांसाठी तशीच डीओएबी ही निर्देशिका आहे. या नोंदी उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, पण त्या तालिकेत नसतील तर विद्यार्थ्यांना ती नियतकालिके अस्तित्वातच नाहीत.

वृत्तपत्रांच्या संग्रहावर थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसे सर्वांत जास्त इथे वाया जातात. वृत्तपत्रांचे डेटाबेस दोन जातींचे असतात. एकात फक्त बातमीचा मजकूर असतो. दुसऱ्यात मूळ पानाची प्रतिमा असते. पहिला स्वस्त आणि शोधायला सोपा. पण त्यात छायाचित्र नाही, जाहिरात नाही, बातमी पानाच्या वर होती की तळाशी हे कळत नाही, मथळ्याचा आकार कळत नाही. आशय विश्लेषण करणाऱ्या विद्यार्थ्याला बातमीची जागा मोजायची असते. त्याच्या दृष्टीने मजकुराचा डेटाबेस अर्धाच. शिवाय तो मजकूरही पूर्ण असेलच असे नाही. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टासिनी खटल्यात निकाल दिला की मुक्त पत्रकारांचे लेख त्यांच्या परवानगीविना इलेक्ट्रॉनिक डेटाबेसमध्ये देता येत नाहीत. त्यानंतर प्रकाशकांनी असे लेख मोठ्या प्रमाणावर काढून टाकले. वृत्तसंस्थांच्या बातम्या आणि वाचकांची पत्रेही अनेकदा गाळलेली असतात. म्हणजे ‘या विषयावर इतक्याच बातम्या आल्या’ असा निष्कर्ष डेटाबेसवरून काढणारा प्रबंध चुकतो, आणि ही सूचना संशोधकाला ग्रंथालयानेच द्यायला हवी.

पानाच्या प्रतिमा असलेला ऐतिहासिक संग्रह कायमस्वरूपी विकत मिळतो. अनुदानाचा सर्वांत योग्य उपयोग तो हाच. पण सही करण्याआधी चाचणी घ्या. छापील अंकावरून वीस बातम्या निवडा, त्यातले नाव किंवा शब्द टाकून शोधा आणि किती सापडतात ते मोजा. जुनी छपाई, अरुंद स्तंभ आणि रोमनेतर लिपी असली की प्रतिमेतली अक्षरे ओळखण्याच्या यांत्रिक वाचनात (ओसीआर) चुका वाढतात. वीसपैकी बारा-तेराच सापडत असतील तर त्या किमतीला शोधाची सोय विकत घेण्यात अर्थ नाही, सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) पुरेल. करारात तीन गोष्टी तपासा: ‘कायमस्वरूपी’ म्हणताना दरवर्षीचे होस्टिंग शुल्क वेगळे आहे का, कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर प्रतिमांच्या फाइली ग्रंथालयाला मिळतील का, आणि मजकूर-उत्खननाची, म्हणजे संगणकाने सगळा मजकूर एकत्र तपासण्याची, परवानगी आहे का. तिसऱ्या मुद्द्याशिवाय डिजिटल पद्धतीने काम करणारा संशोधक काहीच करू शकत नाही, आणि नंतर ती परवानगी मागितली की वेगळी किंमत लागते.

सूक्ष्मपटाला जुने तंत्र म्हणून सोडून देऊ नका. पॉलिएस्टर पायावरचा चांदीच्या क्षारांचा सूक्ष्मपट योग्य तापमानात ५०० वर्षे टिकेल असे मानले जाते. ॲसिटेट पायावरचा जुना पट मात्र व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की समजा तो सडतो आहे. तो इतर पटांपासून लगेच वेगळा ठेवा, कारण त्यातून सुटणारे आम्ल शेजारच्या पटांची झीजही वाढवते. वाचनयंत्र घ्यायचे असेल तर फाइल करून देणारे घ्या.

छापील मासिकांच्या बांधणीबद्दल एक विनंती. बांधणीवाला खंड करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकतो, आणि वर्षानुवर्षे ग्रंथालयांनी ते चालू दिले. माध्यमांच्या अभ्यासकाला नेमकी तीच पाने हवी असतात. बांधणीच्या आदेशावर ‘मुखपृष्ठ, जाहिराती व पुरवण्यांसह’ असे स्पष्ट लिहा.

चित्रपटांच्या बाबतीत डिस्क आणि स्ट्रीमिंग यांत एकाची निवड करता येणार नाही. अभ्यासक्रमात कायम राहणारे चित्रपट डिस्कवर घ्या. ब्लू-रे मिळत असेल तर तीच. याचे कारण चित्राच्या स्पष्टतेपलीकडचे आहे. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींनी धावतो, म्हणून शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. शॉटची सरासरी लांबी मोजणाऱ्या विद्यार्थ्याचे सगळे आकडे त्यामुळे चार टक्क्यांनी घसरतात. ब्लू-रेवर मूळ २४ चौकटी ठेवता येतात. जुन्या डीव्हीडींमध्ये रुंद चौकटीच्या दोन्ही बाजू कापून टाकलेल्या असतात; चौकटीचे प्रमाण वेष्टनावर बघा. डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या यंत्रावर चालेल ते ठरवणाऱ्या विभाग संकेताकडेही लक्ष द्या: डीव्हीडीला अंकांचे विभाग आहेत, ब्लू-रेला ए, बी, सी. परदेशी चित्रपट घेणार असाल तर सर्व विभाग चालवणारे यंत्र आधी घ्या, डिस्क नंतर. मागणीनुसार लिहून दिलेल्या डिस्क खालून जांभळट किंवा निळसर दिसतात. त्या साच्यातून काढलेल्या डिस्कइतक्या टिकत नाहीत, म्हणून त्यांची वर्षातून एकदा चाचणी ठेवा. व्हीएचएस फिती असतील तर त्या घ्यायच्या की नाही हा प्रश्न नंतरचा. ज्या दुसऱ्या कुठल्याही स्वरूपात मिळत नाहीत त्यांची यादी आधी करा आणि कायदा परवानगी देतो तितक्या मर्यादेत त्यांचे अंकीकरण (डिजिटल प्रत) करून घ्या. चुंबकीय फीत वाट पाहत नाही.

वर्गात दाखवणे, सभागृहात जाहीरपणे दाखवणे आणि सर्व्हरवर प्रत ठेवणे या तीन वेगळ्या कृती आहेत, आणि त्यांचे नियम देशागणिक बदलतात. विद्यापीठाच्या विधी विभागाकडून प्रत्येकाचे उत्तर वेगवेगळे लेखी घ्या. चित्रपट मंडळासाठी जाहीर प्रदर्शनाचे हक्क हवे असतील तर ते खरेदीच्या वेळीच मागा.

स्ट्रीमिंगचा परवाना एक किंवा तीन वर्षांचा असतो, काही माहितीपटकार फाइलच्या आयुष्यभरासाठी, म्हणजे ती चालेल तोवर, देतात. हा शेवटचा प्रकार मिळत असेल तर अनुदानातून घ्या. मुदतीच्या परवान्यांची संपण्याची तारीख सत्राच्या मधोमध येणार नाही हे पाहा. परवाना सत्र सुरू होण्याच्या महिन्यापासूनच सुरू करा. मागणीनुसार खरेदीच्या योजनेत अर्धा मिनिट पाहिले तरी एक वापर धरला जातो आणि असे तीन-चार झाले की वर्षाचा परवाना आपोआप तुमच्या नावावर पडतो. वरची मर्यादा ठरवली नसेल तर दोन महिन्यांत वर्षाची रक्कम संपते. घरगुती वर्गणीचे खाते विभागाने वाटून वापरणे करारभंग आहे. तो मार्ग सुचवला गेला तर नकार द्या. आणि हेही विभागाला आधीच सांगा की स्ट्रीमिंग कंपन्यांच्या स्वतःच्या निर्मितींपैकी अनेकींची डिस्क निघत नाही व संस्थांना परवानाही मिळत नाही. त्यांच्यावर अख्खी अभ्यासपत्रिका बेतू नये.

संकेतस्थळे आणि समाजमाध्यमे यांत ‘विकत घेणे’ जवळजवळ नाहीच. इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या रूपांचा साठा, २००१ पासून सर्वांना खुले आहे, पण त्यात प्रत्येक पान आणि प्रत्येक दिवस नसतो. तुमच्या ४ पातळीच्या उपविषयासाठी वीस-पंचवीस संकेतस्थळे निवडा आणि ती दर महिन्याला डब्ल्यूएआरसी या संकेतस्थळे साठवण्याच्या फाइल-स्वरूपात स्वतः जतन करा. हे स्वरूप आयएसओ २८५०० या मानकाचे असल्याने पुढे दुसऱ्या यंत्रणेत नेता येते. समाजमाध्यमांच्या विदेवर कोणी प्रबंध आखत असेल तर सावध करा. ट्विटरचा संशोधकांसाठीचा मोफत मार्ग २०२३ मध्ये बंद झाला आणि फेसबुकचे क्राउडटँगल हे सार्वजनिक पोस्ट तपासण्याचे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी. ज्या संशोधकांनी आपली विदा वेळीच स्वतःकडे ठेवली नव्हती त्यांना ती पुन्हा मिळवता आली नाही. म्हणून प्रबंधासाठी गोळा केलेला विदासंच विद्यापीठाच्या भांडारात, वापराच्या अटी पाहून, जमा करण्याचा नियम पहिल्या तुकडीपासून लावा. पॉडकास्टमध्ये जाहिराती उतरवतेवेळी घातल्या जातात. एकाच भागाच्या दोन प्रती वेगळ्या निघू शकतात, तेव्हा फाइलसोबत तारीख नोंदवा.

पैशाची वाटणी आता मांडता येईल. पुस्तकांना ३० टक्के, कायमस्वरूपी वृत्तपत्र व नियतकालिक संग्रहांना २५, चित्रपट व ध्वनी-चित्र साहित्याला १५, यंत्रे, अंकीकरण व नोंदणीच्या मनुष्यबळाला १०, आणि २० टक्के तिसऱ्या वर्षासाठी हात न लावता राखून. चित्रपटांचा विभाग असेल तर दुसऱ्या व तिसऱ्या आकड्याची अदलाबदल करा. राखीव रकमेवर पहिल्याच वर्षी डोळा जातो, पण पीएच.डी.चे विषय ठरल्याशिवाय ४ पातळीचे साहित्य निवडताच येत नाही. वापराचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा: ई-साहित्याच्या वापराच्या प्रमाणित ‘काउंटर’ अहवालांत नाकारलेल्या प्रवेशांचा वेगळा तक्ता असतो, पुस्तकांसाठी तो ‘टीआर बी२’. कोणते पुस्तक किती वेळा मागितले आणि मिळाले नाही हे त्यातून कळते. वापराच्या आकड्यांपेक्षा मी हा तक्ता आधी उघडतो.

नोंदणीत चित्रपटाला पुस्तकासारखे वागवू नका. मार्क २१ या तालिका-नोंदीच्या साच्यात क्षेत्र ०४१ व ५४६ ला संवादांची आणि उपशीर्षकांची भाषा, ५३८ ला विभाग संकेत व पद्धत, ५०८ ला तंत्रज्ञ आणि ५११ ला कलाकार भरा. कालावधी आणि कोणती आवृत्ती, म्हणजे मूळ की दिग्दर्शकाने पुन्हा संकलित केलेली, हेही लिहा. ‘उपशीर्षकांसह’ एवढे भरले नसल्यामुळे चांगला चित्रपट वर्गात वापरलाच जात नाही.

शेवटी त्या गठ्ठ्यांविषयी. हो म्हणण्याआधी जाऊन बघा. वेगवेगळ्या ठिकाणचे पाच गठ्ठे उघडा: सलग अंक आहेत का, पुरवण्या आहेत का, कोणत्या आवृत्तीचे आहेत, बुरशी किंवा कसर आहे का. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असल्याने घडीवरच तुटतो. पान उलटताना कडा गळत असतील तर तो वाचकांना देण्याजोगा साठा नाही, अंकीकरणाचा कच्चा माल आहे. मग तेच वृत्तपत्र दुसऱ्या ग्रंथालयात सूक्ष्मपटावर किंवा डिजिटल स्वरूपात आहे का हे तपासा. असेल तर फक्त तिथे नसलेले अंक घ्या. छोटी, अल्पायुषी, स्थानिक पत्रे मात्र तुटकी असली तरी घ्या. रॅकची लांबी मीटरमध्ये मोजून घ्या. नुसत्या गठ्ठ्यांच्या संख्येवरून जागेचा अंदाज निम्म्याने चुकतो.

आत आणताना सगळे प्लॅस्टिकमध्ये बंद करून मुख्य साठ्यापासून दूर दोन-तीन आठवडे ठेवा. किडीची शंका असेल तर उणे २० अंशांवर किमान एक आठवडा गोठवून घ्या आणि पिशवी न उघडता हळूहळू नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरते. बुरशी मात्र गोठवून मरत नाही, नुसती थांबते. ते गठ्ठे वेगळे काढा.

देणगीपत्र लेखी हवे, आणि त्यात संग्रह एकत्रच ठेवण्याची अट नको. दुबार प्रती दुसरीकडे देण्याचा किंवा बाद करण्याचा हक्क ग्रंथालयाकडे राहिला पाहिजे. आणि पत्रकाराच्या संग्रहात अंकांबरोबर टिपणवह्या, पत्रे आणि ध्वनिफिती निघतात. त्यांत ज्यांनी नाव गुप्त ठेवण्याच्या बोलीवर माहिती दिली अशा माणसांची नावे असू शकतात. तो भाग अंकांपासून वेगळा करा, देणगीदारांसोबत बसून एकेक वही बघा आणि कोणती किती वर्षे बंद ठेवायची ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. हे काम ते स्वतः सांगू शकतात तोवरच होते, म्हणून गठ्ठे आणण्याची घाई नसली तरी ही बैठक याच महिन्यात ठेवा.